माळ्यावरच्या काचेचं पाणी

मसुरे, सोमवार, ता. ११ जानेवारी १९६०

चि. सौ. मथुरा,

आशीर्वाद आधी लिहायचे असतात. ते आहेतच, पण आज मला तेवढा दम नाही. माळ्यावरच्या खिडकीला सकाळी पाणी आलं. काचेच्या आतल्या बाजूने. आणि तू इथे नसताना.

तू मार्गशीर्षात घाटाखालच्या फोंड्याला माहेरी गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. तेव्हापासून माळ्यावर कोणी झोपलेलं नाही. मी चढले ती गुरुदासाची घोंगडी उन्हात टाकायला. बघते तर काच वरपासून खालपर्यंत पांढरी, तिच्यावरून थेंब ओघळतायत आणि चौकटीच्या खालच्या फळीवर हे एवढं पाणी. कडी पाहिली. लागलेली. तू जाताना लावलीस तशीच, तिच्यावर गंजसुद्धा चढलाय. मी तिथेच घोंगडीवर बसले. मग उठून पुन्हा कडी पाहिली. माझा चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली.

तुला आठवत असेल, गेल्या मे महिन्यात तुमच्या लग्नाआधी गुरुदासाने त्या माळ्याची खोली करून घेतली. नारळ, सुकं खोबरं, फुटक्या टोपल्या सगळं खाली आलं. शिवा सुताराने कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी मारली, आणि मुंबईहून बोटीवरून आणलेली काचेची खिडकी बसवली. अख्ख्या वाडीत काच आपल्याच घरी. बाकी सगळ्यांकडे लाकडाचे गज आणि फळीची दारं. तेव्हा काचेची लक्षणं मला कोण सांगणार? दव म्हणजे बाहेर पडणारी वस्तू, असं मी जन्मभर धरून चाललेली बाई. ते केळीच्या पानावर पडतं, खळ्यात विसरलेल्या सुपावर पडतं. बंद घरात दव शिरलेलं मी पन्नास वर्षांत पाहिलं नाही. त्यामुळे तेव्हा मी जे बोलले ते बोलले. ते राहू दे.

तुझी ट्रंक भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवली आहे. आतली पातळं कोरडी आहेत. मी या पाण्याचा छडा लावणार. आज मला भूकसुद्धा लागलेली नाही.

नर्मदा


रविवार, ता. १७ जानेवारी

मथुरा,

तुझं उत्तर आलं नाही. नसेना का, इथे मला सांगायला एवढं साचलंय की तुझ्या पत्रासाठी थांबणं शक्य नाही.

मंगळवारी शिवाला कौलांवर चढवला. तो वरून ओरडला, "काकी, कौलां सगळी जाग्यार आसत. आणि पौषात पावस खंयसून?" मी म्हटलं, मग खिडकीच्या फटीतून येत असेल, बुजव. त्याने फटींत राळ भरली आणि मी सांगितलं म्हणून चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले. वर मी तुझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, कडीभोवती सात वेढे देऊन गाठ मारली. आता कोणाची बिशाद, असं म्हणून खाली आले. बुधवारी सकाळी दोरा जसाच्या तसा, खिळे जसेच्या तसे, आणि पाणी दुप्पट. शिवा म्हणाला, "काकी, बंद केल्यार वाढता." मी त्याला गप्प केला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग मी त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. हसू नकोस. खाडीकडचं खारं वारं असतं तर ते खारट लागलं असतं. ते अगदी गोडं होतं. शेजारची सीता, जिच्या कानावर पडलं की वाडीत दवंडी पिटायला नको, ती म्हणाली भगताला विचार, वर काहीतरी आहे. मी तिला सांगितलं, भुताला पाणी हवं असेल तर त्याने विहिरीवर जावं, माझ्या खिडकीत काय काम?

आता खरी गंमत ऐक. गुरुवारी संक्रांतीला काच कोरडी. शुक्रवारी करीच्या दिवशीसुद्धा कोरडी, तिच्यातून थेट समोरच्या कातळाच्या सड्यावरची काजूची झाडं दिसत होती. आणि काल शनिवारी परत न्हाऊन निघालेली. खिळे तेच, दोरा तोच, थंडी तीच. दोन दिवस हे पाणी सण पाळायला कुठे गेलं होतं? मी स्वयंपाक करता करता तेच घोकतेय, काल आमटीत दोनदा मीठ घातलं.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पुडीने पाठवला आहे. लग्नानंतरची तुझी पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने मी कार्तिकातच करायला सांगितले होते, ते आले. डबा पाण्याच्या ताटात ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून.

नर्मदा


गुरुवार, ता. २१ जानेवारी

मथुरा, सापडलं.

 संक्रांतीला आणि करीला मी काय केलं नाही, याची मी मनात यादी करत होते. केर काढला होता. देवपूजा केली होती. अंगण सारवलं होतं. उकड्या तांदळासाठी सालीचं भात उकडलं नव्हतं. सणाच्या दिवशी तो मोठा हंडा कोण चढवतो?

आज पहाटे हंडा चढवला, खाली जाळ नीट लावला आणि तशीच वर पळाले. पन्नाशीच्या बाईने जिना असा चढू नये, गुडघा अजून ठणकतोय. वर जाऊन जमिनीवर बसले. फळ्यांच्या फटीफटीतून वाफ वर येत होती. फटीवर तळहात धरला, तो ओला झाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत काच धुरकटली, मग पांढरी झाली, मग तिच्यावर थेंब जमले, आणि पहिला थेंब घसरत खाली आला. मी एकटीच मोठ्याने हसले. शिवाचे खिळे कोण काढायला येणार होतं? पाणी माझ्याच चुलीवरून वर जात होतं.

काच बाहेरच्या थंडीने गार होते आणि आतली वाफ तिला लागून पाणी होते, एवढंच. भाताच्या टोपावरचं झाकण उचललं की आतून पाणी निथळतं. ते काय आभाळातून पडतं? जन्मभर रोज दोन वेळा झाकण उचललं मी, आणि हे कळायला मला माळ्यावर चढावं लागलं.

हे याच वर्षी का झालं, तेही जुळलं. दरवर्षी हंडा मागच्या खळ्यात, उघड्या अंगणात असायचा. वाऱ्याने लाकडं भसाभसा जळतात म्हणून यंदा मी तो आत आणला आणि निम्म्या लाकडांत भात उकडतं म्हणून वाडीभर मिरवलं. पूर्वी आतली वाफ, धूर, सगळं माळ्यातून कौलांच्या फटींनी निघून जायचं. आता वर तक्तपोशी, फटीत राळ, खिडकीला खिळे. ती बिचारी जाणार कुठे? शिवाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वाफेक वाट व्हयी, काकी." आढ्यापाशी दोन फळ्या काढून तो तिथे जाळी बसवणार आहे. हंडा आजपासून बाहेर. लाकडं जळली तर जळू देत.

बघितलंस ना, चौथीपर्यंत शिकलेल्या तुझ्या सासूने एकटीने काय शोध लावला. तिळगूळ पोचला का, ते कळव.

नर्मदा


गुरुवार, ता. २८ जानेवारी

मथुरा,

तिळगुळाची पुडी आज परत आली. वर लिहिलंय, घेण्यास नकार. अक्षर पोस्टमनचं, नकार तुझा. पत्रं मात्र परत आली नाहीत, म्हणजे ती तू ठेवून घेतलीस. तेवढ्या भरवशावर लिहिते.

आजच गुरुदासाचंही पत्र आलं. शिमग्याला येतोय. विचारतो की मथुरेची पत्रं फोंड्याहून का येतात, आणि त्यांत घरचं अवाक्षर का नसतं. तू त्याला काही सांगितलं नाहीस. मीही नाही. तू माझी अब्रू राखलीस, आणि मी गप्प राहून तुझी घालवली.

तीन पत्रं मी पाण्याबद्दल लिहिलं आणि विहिरीबद्दल लिहिलं नाही. आज लिहिते. त्या सकाळी तू कळशी घेऊन विहिरीवर आलीस तेव्हा तुझा पदर ओला होता. त्याआधी चार दिवस मी माळ्यावरची फळी ओली बघत होते आणि मनात नको ते शिजवत होते. वाडीतल्या आणखी तिघी पाणी भरत होत्या, सीता, सत्यवती, बाबलीची बायको. मी विचारलं, पदर कसा भिजला. तू म्हणालीस, "खिडकीचा पाणी पुसलंय, आये." मी म्हटलं, खिडकी उघडल्याशिवाय दव आत येत नाही. तू म्हणालीस, "मी खिडकी उघडूक नाय." आणि तेव्हा मी सगळ्यांच्या देखत, नवरा परमुलखात असलेल्या सुनेला विचारलं, "घोव बोटीर आसा, मगे खिडकी कोणासाठी उघडी ठेवतस?"

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर बघतेय. तू कळशी भरलीस, घरी आणलीस, चार खेपा करून हौद भरलास, आणि मग पिशवी घेऊन निघालीस. ते पाणी मला दोन दिवस पुरलं. मी ते प्यायले.

आणखी एक. मागच्या पत्रात शोध माझा म्हणून लिहिलं, ते खोटं. त्या विहिरीच्या आधी, बहुतेक चार दिवस, तू चुलीपाशी येऊन म्हणाली होतीस, "आये, हंड्याची वाफ वर येता. काच भिजता. हंडो भायर मांडूया?" मी म्हटलं, "माका भात उकडूक शिकवतस?" शोध तुझा होता. मी तो ऐकला नाही, कारण ऐकला असता तर लाकडांचा तोरा गेला असता.

आणि लाकडांचं कारणसुद्धा सगळं खरं नव्हे. तुझे सासरे गेल्यापासून या घरात मी आणि गुरुदास, कुठलंही दार कधी लागलं नाही. माळ्याची खोली झाली आणि त्या दाराला आतून कडी आली. ती मला टोचत होती. गुरुदास गणपतीनंतर बोटीवर गेला, तरी टोचत राहिली. तुझ्या त्या खोलीत काहीतरी वाईट सापडावं असं मला वाटत होतं, मथुरा. सापडलं ते माझ्याच हंड्याचं पाणी.

हे चार भिंतींत लिहून भागणार नाही. बोलले चारचौघींत, तेव्हा निस्तरायचं ते चारचौघींतच. कसं ते माझ्या डोक्यात आलंय, आणि आल्यापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. शिवाला सांगितलं, फळ्या चार दिवस काढू नकोस.

नर्मदा


मंगळवार, ता. २ फेब्रुवारी

मथुरा,

झालं. पहिल्यापासून सांगते.

रविवारी सकाळी त्या तिघींना बोलावलं. सीता, सत्यवती, बाबलीची बायको. काय दाखवणार ते सांगितलं नाही, नुसतं म्हटलं माळ्यावर या. सीता तर केस न विंचरता आली. हंडा शेवटचा एकदा पुन्हा आत चढवला, भात रात्रीच भिजत घातलं होतं. वर गेल्यावर सीतेला म्हटलं, खिळे हलवून बघ. तिने नखाने हलवले, मग कळशीच्या दोरीला ओढावं तशी कडी ओढली. दोरा मोजायला लावला. सात वेढे. काचेवर हात फिरवायला लावला. कोरडी. मग दार लावून चौघी खाली बसलो.

सत्यवती कुजबुजली, "काय होवचा आसा?" मी म्हटलं, बघ. मनात मात्र घोळत होतं, समजा आजच पाणी आलं नाही तर? समजा जाळ विझला तर? खाली हंडा गदगदायला लागला तो आवाज आला आणि फटीतून पहिली वाफ वर आली. काच हळूहळू पांढरी झाली.  थेंब जमले, एक घसरला, मग दुसरा, आणि मग धाराच. सीता म्हणाली, "माझे आवशी, काचेक घाम इलो." उठली, आणि सवयीने पदराने काच पुसली.

मी म्हटलं, "सीता, तुझो पदर बघ."

तिने पाहिला. ओला. बाबलीच्या बायकोने पाहिला. सत्यवती माझ्याकडे बघून म्हणाली, "मगे त्या चेडवान खराच सांगलेला." मी म्हटलं, "होय. तिना खरा सांगलेला आणि मी खोटा बोललंय. हंडो माझो, वाफ माझी, आणि नाव तिचा घेतलंय." हे बोलून झाल्यावर मोकळं वाटलं, जसं नारळाचं ओझं डोक्यावरून उतरवल्यावर मान हलकी वाटते.

संध्याकाळपर्यंत सीतेने वाडी पालथी घातली. पहिल्यांदाच तिच्या जिभेचा मला उपयोग झाला. गुरुदासाला मी कार्ड लिहिलं, पाकीट नाही. विहिरीवर काय बोलले ते शब्दाला शब्द. पोस्टमास्तरांनी वाचलं तर वाचू दे. तो चिडेल, त्याने चिडावं.

सोमवारी शिवाने आढ्याखालच्या दोन फळ्या काढून जाळी बसवली. हंडा परत खळ्यात गेला. आज सकाळी काच लख्ख होती. खिळे तेवढे राहू दिले आहेत, तू आलीस की आपल्या डोळ्यांनी बघ. आता ये. तुझं नाव स्वच्छ झालं आहे, साऱ्या वाडीला पटलं आहे.

नर्मदा


मंगळवार, ता. ९ फेब्रुवारी

मथुरा,

तुझं कार्ड आलं. दोन महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पोस्टमनला तसाच उभा ठेवून ओटीवरच वाचलं. नमस्कार नाही, खुशाली नाही. एकच ओळ. "खिळे काढले का?"

आधी मला राग आला. एवढं सगळं केलं आणि हिला चौकटीची पडली आहे. मग वाटलं, गंजतील म्हणून विचारत असशील. दुपारी तांदूळ निवडताना हात थांबला आणि मला कळलं. मी सूप तसंच ठेवून माळ्यावर गेले.

खिडकी बंद होती म्हणून तू खरी, असं मी वाडीला पटवलं. खिळे मोजून घेतले, दोऱ्याचे वेढे मोजून घेतले. आणि खिडकी उघडी असती तर? उकाडा झाला म्हणून, वारा हवा म्हणून, चांदणं बघावंसं वाटलं म्हणून तू ती उघडली असतीस, तर तू खोटी ठरली असतीस का? हे त्या दिवशी माळ्यावर कोणी म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं. तू माझ्या घरात सात महिने राहिलीस. मला काच बघायची गरज पडायला नको होती. तुझ्याकडे बघून कळायला हवं होतं. माझं चुकलं, मथुरा. पाण्याचं नव्हे, हे चुकलं.

शिवाला बोलावलं नाही. विळीच्या पात्याने राळ खरवडली, पकडीने खिळे माझे मी काढले. तिसरा वाकला होता, त्याने अंगठा फाडला, म्हणून या कागदावर डाग आहे. दोरा कापून चुलीत टाकला. मग दोन्ही तावदानं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. एवढा वारा आला की तुझ्या ट्रंकेवरचं फडकं उडून जिन्यात पडलं. या खोलीला वारा असा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.

परवा गुरुवारी पहिल्या गाडीने निघते, कणकवलीला बदलून दुपारपर्यंत फोंड्याला येते. तुझ्या वडिलांच्या खळ्यात, तुझ्या माणसांसमोर, विहिरीवर बोलले ते सांगणार आणि वर लिहिलं तेही सांगणार. हलव्याच्या दागिन्यांचा डबा आणते. पुढे तुझी मर्जी. आलीस तर दोघी येऊ, नाहीतर मी डबा ठेवून परत फिरेन, आणि गुरुदास शिमग्याला आला की त्याला तुझ्याकडे धाडेन.

खिडकी उघडी टाकून मी खाली उतरत होते तेव्हा सीता कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी होती. वर बघून म्हणाली, "नर्मदे, ती खिडकी कोणासाठी उघडी ठेवलंस गो?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेक वारो आवडता."

नर्मदा